सतरा इंची लॅपटॉप आणि माझं काउंटर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन घरी येत होते. "रोजच्या वापरासाठी किती इंची लॅपटॉप घ्यावा, यावर दिवाळी अंकासाठी लिहा," ते म्हणाले. "तुमच्या अनुभवातून. वाचकांच्या कामाचं, थोडं हलकंफुलकं." मी हो म्हटलं. कामाचं लिहिते. हलकंफुलकं जमेलच असं सांगत नाही.

रिसोडला बसस्टँडपासून जवळच, पहिल्या मजल्यावर असलेल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी निम्मं आयुष्य काउंटरमागे काढलं. त्याआधी टायपिंग शिकवत होते. टायपिंगची मशीनं भंगारात गेली आणि माझी नोकरीही त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा दिलीपभाऊंनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, घरी येऊन विचारलं, "शोभाताई, पोरीसोरी तुमच्यासंगं मोकळ्या बोलतात. आमच्या काउंटरवर बसता काय?" दुसऱ्या दिवशी बसले.

सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे पाहायचं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहायचं.

"दुकानात कोनी नाई काय?"

"मी आहे ना. बोला."

"नाई, म्हंजे मानूस?"

मग मी आतून दिलीपभाऊंना हाक मारायची. दिलीपभाऊ बाहेर येऊन म्हणायचे, "लॅपटॉपचं मले काही समजत नाई. ताईलेच इचारा." आणि परत आत जायचे. त्यांना सगळं समजत होतं. पण ते तसं म्हणायचे, आणि गिऱ्हाईक नाइलाजानं माझ्याकडे वळायचं. त्या माणसाचे मी फार उपकार मानत आले. पुढे काय झालं ते पुढे सांगते.

आधी कामाचं. लॅपटॉपचे इंच म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप. आमच्याकडे मुख्यतः तीन मापं चालायची. चौदा, साडेपंधराच्या थोडं वरचं, ज्याला सगळे नुसतं 'साडेपंधरा' म्हणतात ते, आणि सतरा. लोकांच्या डोक्यात टीव्ही असतो. टीव्ही जितका मोठा तितका चांगला, तसा लॅपटॉपही. पण टीव्ही आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहतो आणि लॅपटॉप हातभर अंतरावरून. "मले अक्षरं बारीक दिसतात, मोठा द्या," असं अर्धी गिऱ्हाइकं म्हणायची. अक्षरं लहानमोठी करायची सोय प्रत्येक लॅपटॉपमध्ये असते. वजन कमी करायची सोय कुठल्याच लॅपटॉपमध्ये नसते. साडेपंधराला उजव्या हाताला आकड्यांची वेगळी बटणं मिळतात, दिवसभर हिशेब टाकणाऱ्याला ती बरी पडतात. सतरा एका टेबलावर ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही, असं ज्याचं काम त्यानं घ्यावा. मोठी स्क्रीन बॅटरीही जास्त खाते. आणि ज्याला रोज एसटीनं किंवा जीपनं जायचं आहे, बसायला जागा मिळेल की नाही माहीत नाही, वर्गातल्या अरुंद बाकावर उघडायचा आहे, त्यानं चौदाच घ्यावा. झालं. एवढंच शास्त्र आहे.

पण मी गिऱ्हाइकाला इंच विचारतच नसे. मी विचारायची, बसणार कुठे? पाटावर, पलंगावर की टेबलाशी? न्यायचा कशात? आणि घरात आणखी कोण कोण हात लावणार? या शेवटच्या प्रश्नावर माणसं हसायची. "सारेच लावतीन ना ताई, घरची वस्तू हाये." मी हसत नसे. अनुभवानं मला दिसलं होतं की चौदा इंची लॅपटॉप ज्याच्या पिशवीत जातो त्याचा राहतो. मोठा लॅपटॉप घरात मांडला जातो, आणि मांडलेली वस्तू घरात ज्याचा आवाज मोठा त्याची होते. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

एकदा बाजार समितीतला एक अडत्या आला. "सर्वांत मोठा दाखवा," म्हणाला.

"काम काय असते?" मी विचारलं.

"काम काही नाई. मुनीम करते काम. पन सोयाबीन घेऊन समोर शेतकरी बसला, तं त्याले वाटलं पाह्यजे की इथीसा मोठा कारभार हाये."

"पण शेठ, स्क्रीन तुमच्याकडे राहीन. समोरच्याले तं पाठच दिसन."

त्यानं लॅपटॉप उलटा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "पाठ तं मोठी दिसन ना?" आणि घेऊन गेला. माझी हरकत नव्हती. त्याला काय हवं ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्यात कोणाचं नुकसान नव्हतं. कोणी मोठं घेतलं म्हणून माझ्या पोटात दुखत नसे, हे सांगायला त्याची गोष्ट सांगितली.

दिलीपभाऊंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, निखिलकडे आलं. शिकलेला, चटपटीत मुलगा. मला 'ताई'च म्हणायचा. पण त्याला दुकान मिळालं तेच वाईट काळात. लोक यायचे, माझ्याशी तासभर बोलायचे, प्रत्येक लॅपटॉप हातात घेऊन पाहायचे, खोक्यावरच्या नंबराचा मोबाइलनं फोटो काढायचे आणि "घरी इचारून सांगतो" म्हणून निघून जायचे. आठवड्यानं तोच लॅपटॉप कुरिअरवाल्याच्या पोत्यातून त्यांच्या घरी जायचा. नंतर त्यातलं काही चालेनासं झालं की मात्र आमच्याकडे यायचे. निखिलला ते फार लागायचं. लागण्यासारखंच होतं.

त्यात त्यानं एक चूक केली. करोनानंतर लॅपटॉपला मागणी वाढली होती, तेव्हा त्यानं सतरा इंचींचा एक मोठा लॉट भरला. गेम खेळणाऱ्या पोरांचे असतात तसले, बटणांखाली लाल दिवे लागणारे. आमच्या गावात ते कोण घेणार? खोकी माळ्यावर गेली. तेव्हापासून तो रोज सकाळी मला म्हणायचा, "ताई, आज एक तरी सतरा काढा." आणि मी काढत नसे. काढावा असं गिऱ्हाईक आलं तर ना.

मंगरूळपीरहून एक निवृत्त गुरुजी आले होते. पुण्याच्या मुलानं त्यांना तेरा इंची पातळसा लॅपटॉप पाठवला होता आणि त्यांना त्यावर काही वाचता येत नव्हतं. निखिलनं डोळ्यांनी माळ्याकडे खूण केली. मी गुरुजींना म्हटलं, "नवा लॅपटॉप घेऊ नका. यालेच जोडाचा मोठा मॉनिटर घ्या, स्वस्तात काम होते." गुरुजी मॉनिटर घेऊन गेले. निखिलनं ते जिना उतरेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, "ताई, तुमी माझ्या दुकानात काम करता की त्याइच्या?"

अशा दिवसांत रूपाली आली.

रिसोडच्या शिवारातच, गावाला लागून, तिच्या वडिलांचा भाजीपाल्याचा मळा. महादेवराव त्यांचं नाव. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर पहाटे बाजारात आणून विकणारं घर. रूपालीला वाशीमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला होता आणि ती रोज एसटीनं जाणंयेणं करणार होती. पहिल्या दिवशी ती एकटीच आली. इतर पोरींसारखी रंग विचारत बसली नाही. चौदा इंची एक लॅपटॉप उघडला, झाकला, तळहातावर तोलून पाहिला. मग विचारलं, "ताई, माह्या बॅगमधी टाकून पाहू काय?" तिनं खांद्यावरची सॅक काढली, वह्या आणि डब्यासकट, आणि त्यात तो बसवून पाहिला. चेन लागली. तशी सॅक पाठीवर घेऊन ती दुकानात दारापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"जमते," ती म्हणाली. "हाच ठेवजा बाजूले. उद्या बाबाले घेऊन येतो."

माझ्या सगळ्या वर्षांत इतक्या नीट पारखून घेणारं गिऱ्हाईक मी क्वचित पाहिलं. मी तो लॅपटॉप तिचं नाव लिहून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी महादेवराव आले, बरोबर रूपाली, तिचा मोठा भाऊ सचिन आणि तिचे काका. महादेवरावांनी माझ्यासाठी पिशवीभर वांगी आणली होती. भला माणूस. पोरीला शिकवायचं हे त्यांनी घरादाराचं ऐकून न घेता ठरवलं होतं. मी बाजूला ठेवलेला लॅपटॉप काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढासाच?"

त्यांच्या घरात त्याआधी कोणी एवढ्या किमतीची वस्तू शेतीबाहेर घेतली नव्हती. त्यांच्या मनात काय आलं ते मला समजत होतं. तेवढ्यात निखिल आतून आला. त्यानं माळ्यावरून एक खोकं उतरवलं, टेबलावर सतरा इंची उघडला आणि दुकानातला दिवा बंद केला. बटणांखालचे लाल दिवे लागले. मग त्यानं एक सिनेमा लावला. सचिन पुढे सरकला तो सरकलाच.

"काका, तेवढ्याच पैशात," निखिल महादेवरावांना म्हणाला. "थोडे वर. पन पाहा, सारं घर पाहू शकते."

"हाच पाह्यजे," सचिन म्हणाला.

"बाबा, मले रोज न्यावा लागते," रूपाली म्हणाली. "एसटीत उभं राहावं लागते. हा माह्या बॅगमधी जात नाई."

"नवी बॅग घेऊ ना," तिचे काका म्हणाले.

"मी गाडीवर सोडून देत जाईन तुले स्टँडवर," सचिन म्हणाला. "तुले काय, पाठीवरच घ्याचा हाये."

महादेवराव दोन्ही लॅपटॉपांकडे आळीपाळीनं पाहत होते. "पोरी, पैसे मोजून राह्यलो तं घरातल्या साऱ्याइच्या कामात आला पाह्यजे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी सांगा. तुमाले काय वाटते?"

मी म्हटलं, "दादा, पोरगी रोज वाशीमले जाणार. हा मोठा वजनाले जड हाये, आणि बॅटरीचं म्हणाल तं..."

"ताई," निखिल मधेच म्हणाला, हसून, "पाव्हण्याइले चहा नाई सांगतला अजून. सांगता काय जरा?"

दुकानात चहा सांगायला खालच्या टपरीवर जावं लागायचं. फोन करूनही चहा यायचा, पण त्या दिवशी त्यानं मला पाठवलं. मालकानं सांगितल्यावर काउंटरवरची बाई जाते. मी गेले. टपरीवाल्याला चार कप सांगितले. परत आले तेव्हा सतरा इंचीचं खोकं बांधलं जात होतं, सचिन त्यावर हात ठेवून उभा होता, आणि रूपाली बाहेर जिन्याच्या पायरीवर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं तिनंच मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पहिला महिनाभर तिनं तो नेला. नवी बॅग घेतली होती, ती पोटाशी धरून वाशीमपर्यंत उभी जायची. चार्जर म्हणजे वीट. एका उतारावर बॅगचा पट्टा तुटला आणि लॅपटॉप एका म्हातारीच्या पायावर पडला. म्हातारीनं साऱ्या एसटीसमोर तिचा उद्धार केला. वर्गातल्या बाकावर तो उघडला की शेजारच्या मुलीला वही ठेवायला जागा उरत नसे. सरांनी तिला शेवटच्या बाकावर एकटं बसायला सांगितलं. मग ती तो घरीच ठेवून जाऊ लागली.

घरी त्याला जागा झाली. पुढच्या खोलीत देवाच्या फोटोंखाली एक टेबल आणलं, वर विणलेलं कापड. दिवसभर सचिनचे मित्र गेम खेळायचे, संध्याकाळी काका क्रिकेट पाहायचे. रूपाली कॉलेजातून आली, हातपाय धुऊन बसायला गेली की, "थांब ना, ओव्हर संपू दे." ओव्हर संपली की स्वयंपाकाची वेळ झालेली असायची. कोणी तिला मारलं नाही, रागावलं नाही, 'हात लावू नको' असंही कोणी म्हटलं नाही. घरात पाहुणे आले की महादेवराव अभिमानानं तो दाखवायचे, "आमच्या रूपालीचा हाये, कॉलेजचा." आणि पोरगी कॉलेजचा अभ्यास मोबाइलवर करायची.

एक दिवस दुपारी ती दुकानात आली. निखिल जेवायला घरी गेला होता.

"ताई, अर्धा घंटा बसू काय?" तिनं मांडणीतल्या चौदा इंचीकडे बोट दाखवलं. "प्रोग्राम कराचा हाये. उद्या द्याचा हाये."

मी स्टूल पुढे केलं. त्यानंतर कॉलेजला सुट्टी असली की ती दुपारी यायची. ती भराभर टाइप करायची, दहाही बोटांनी, आणि मला माझे टायपिंगचे दिवस आठवायचे. एकदा निखिल लवकर परतला. त्यानं पाहिलं. ती गेल्यावर म्हणाला, "ताई, तो डेमो पीस हाये. त्याच्यावर बोटाचे ठसे पडले तं मी तो नवा म्हणून इकू कसा?" मी रोज संध्याकाळी तो पुसून ठेवायला लागले. ती येत राहिली.

शेवटच्या वर्षाला पुण्याची एक कंपनी त्यांच्या कॉलेजात परीक्षा घ्यायला आली. लॅपटॉपवर द्यायची परीक्षा, ज्यानं त्यानं आपला लॅपटॉप आणायचा. पास झालेल्यांना नोकरी. रूपालीची तयारी चांगली होती. ती मला सांगायची आणि मी न कळता मान डोलवायची, पण तिच्या आवाजावरून मला समजायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं घरी सांगितलं की उद्या लॅपटॉप मी नेणार. सचिन कुरकुरला, पण महादेवरावांनी त्याला गप्प केलं. चार्जिंग पूर्ण करून, बॅग मांडीवर घेऊन ती सकाळच्या एसटीनं गेली.

हॉलमध्ये प्लग होते ते भिंतींच्या कडेला. वाशीम गावातली मुलं लवकर येऊन कडेच्या जागा धरून बसली होती. रिसोडची एसटी पोहोचेपर्यंत मधल्या जागा उरल्या होत्या. तिला वाटलं, चार्जिंग पूर्ण आहे, परीक्षेपुरतं चालेल. पण ती बॅटरी एवढी वर्षं रात्रंदिवस चार्जरला लावून गेम खेळून खलास झाली होती. त्या असल्या मशीनची बॅटरी नवी असतानाही फार तग धरत नाही. निम्मे प्रश्न व्हायच्या आत कोपऱ्यातलं चिन्ह लाल झालं. तिनं स्क्रीनचा उजेड कमी केला. मग आणखी कमी केला. शेवटी, ती म्हणाली, काळ्यावर काळं वाचत होती. मग स्क्रीन विझली.

तिनं हात वर केला. देखरेख करणाऱ्या सरांनी एका मुलाला सरकवून तिला भिंतीकडे बसवलं. लॅपटॉप परत सुरू झाला, पण परीक्षेचं पान उघडेना. 'तुमचं सत्र संपलं आहे' एवढंच येत राहिलं. कंपनीचा माणूस म्हणाला, नियमात बसत नाही. तो उद्धट नव्हता. दोनदा सॉरी म्हणाला.

ती वाशीमहून थेट दुकानात आली. बॅग अजून खांद्याला होती. काउंटरवर मी होते, बाजूला निखिल, आणि एक नवराबायको मुलासाठी लॅपटॉप पाहत होते, तोच लाल दिव्यांचा. रूपालीनं बॅग काउंटरवर ठेवली. डोळे कोरडे होते. तिनं काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं आणि मग मला विचारलं,

"ताई, त्या दिवशी तुमी बॅटरीचं काही सांगत होत्या. काय सांगत होत्या?"

निखिल म्हणाला, "बॅटरी बदलून देऊ ना. वॉरंटीत नाई येत, पन मी कमी करून देतो."

"मी ताईले इचारून राह्यली," ती म्हणाली.

मी सांगितलं. तेव्हा जे तोंडात राहिलं होतं ते सगळं सांगितलं. की हा टेबलावर ठेवून चार्जर लावून वापरायचा लॅपटॉप आहे. की हा पाठीवर घेऊन एसटीनं फिरणाऱ्या मुलीसाठी नाहीच. की तिनं स्वतः निवडला होता तो तिच्यासाठी बरोबर होता. ती ऐकत राहिली. ते नवराबायकोही ऐकत होते. मग बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "चला." दोघं जिना उतरून गेले. रूपालीनं बॅग उचलली आणि तीही गेली.

निखिल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, तुमी खरंच सांगता, मले समजते. पन तुमी खरं सांगता अन् लोकं ते ऐकून ऑनलाइन घेतात. तुमच्या खऱ्याचा पगार मी कुठून देऊ?"

  मी एवढंच म्हणाले, "त्या पोरीनं तं आपल्याकडूनच घेतला होता ना, निखिल."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला मागच्या खोलीत बसवलं, दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपांच्या नोंदी करायला. काउंटरवर अकोल्याहून शिकून आलेली एक मुलगी आली. ती बिचारी तोंडपाठ केलेलं बोलायची: "सर, बिगर स्क्रीन, बेटर एक्स्पीरियन्स." मागच्या खोलीतून मला ते ऐकू यायचं. काही दिवस मी ते ऐकलं. मग दिलीपभाऊंच्या घरी गेले. ते ओट्यावर पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला पट्टा. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते पूर्वीसारखं 'ताईलेच इचारा' म्हणतील.

त्यांनी पट्टा सोडून पुन्हा घट्ट केला. "ताई," ते म्हणाले, "आता पोरगं पाहून राह्यलं दुकान. मी मधात पडत नाई." आणि आत हाक मारली, "अवं, शोभाताईले चहा ठेव."

मी चहा घेतला नाही. पुढच्या महिन्यापासून दुकानात गेले नाही.

महादेवराव एकदा बाजारात भेटले. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते. "ताई, पोरीचं तेवढं नशीबच नाई पाह्य," ते म्हणाले. "आमी तं तिच्यासाठी सर्वांत भारी घेतला होता. तिनं त्या दिवशी एक शब्द काढला असता तं लहान घेतला असता. बोललीच नाई पोरगी."  ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. ती बोलली होती, मी बोलत होते, आणि त्यांच्या आठवणीत त्या दिवशी दुकानात फक्त निखिल आणि सचिन होते. त्यांनी मला जबरदस्तीनं दोन जुड्या दिल्या. मी घेतल्या. त्यांच्याशी काय भांडू?

रूपाली आता मंगरूळपीरला एका खाजगी दवाखान्यात बिलं करते. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली मुलगी दिवसभर नाव, वय आणि खोकला-तापाचे पैसे टाइप करते. पुण्याची ती कंपनी पुन्हा वाशीमला आली नाही. दुसऱ्या कंपन्यांना आता अनुभव पाहिजे आणि तिच्याकडे दवाखान्याचा आहे.

मागच्या महिन्यात रिसोडच्या स्टँडवर ती भेटली. सुट्टीला आली होती, परत निघाली होती. मला पाहून बाकावर सरकून जागा केली.

"ताई, घेतला," ती म्हणाली, आणि सॅकची चेन अर्धी उघडून आतला लॅपटॉप दाखवला. चौदा इंची. स्वतःच्या पगारातून.

"कुठून घेतला?"

 "ऑनलाइन." मग लगेच म्हणाली, "त्या दुकानात पाय ठेवाले जमत नाई मले."

"चांगलं केलं," मी म्हटलं. मला खरंच चांगलं वाटलं, आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हींचं काय करायचं ते समजेना. मी विचारलं, "घरी कोणी मागत नाई?"

"घरी काढतच नाई मी. तिथी खोलीवरच काढतो." तिनं चेन लावली. स्टँडवर मंगरूळपीरच्या गाडीची घोषणा झाली. गर्दी पुढे सरकली, तशी ती उठली, सॅक पाठीवर न घेता छातीशी धरली.

"ताई, एक सांगू?" ती म्हणाली. "त्या परीक्षेतले उरलेले प्रश्न मी नंतर मैत्रिणीकडून घेतले होते. घरी बसून सोडवले."

"मग?"

"येत होते," ती म्हणाली. "सारेच येत होते."

मागचा माणूस ढकलत होता. ती पायरीवर चढली, आत गेली, आणि मला खिडक्यांमधून ती दिसत राहिली, बसायला जागा न मिळालेल्या माणसांमध्ये, एका हातानं दांडा धरलेली.